प्लॅस्टिकचं गांडूळ पाण्यात पडतं कसं?

अमेरिकेच्या अलाबामा राज्यात युफॉला नावाच्या गावी एका माशाचं संगमरवरी स्मारक आहे. माशाचं नाव लिरॉय ब्राऊन. १९७३ साली टॉम मान या तिथल्याच मासेमाराने त्याला गळाला लावलं तेव्हा तो जेमतेम अर्धा किलोचा होता. मानने त्याला मारलं नाही. आपल्या भल्यामोठ्या काचेच्या टाकीत सोडलं, हातून खायला शिकवलं, कड्यातून उडी मारायला लावलं. १९८० मध्ये लिरॉय मेला. त्याच्या अंत्यविधीला शेकडो माणसं आली, बँड वाजला, आणि आमिषं ठेवायच्या पेटीचीच शवपेटी करण्यात आली. मान स्वतः आमिषं बनवून विकायचा. लिरॉयला त्याने ज्यावर पकडलं ते होतं त्याच्याच कारखान्यातलं मऊ प्लॅस्टिकचं गांडूळ, आणि त्याला वास होता स्ट्रॉबेरीचा.

तलावातल्या माशाने स्ट्रॉबेरी कुठे पाहिलेली असणार? तरीही मानची ही ‘जेली वर्म्स’ फळांच्या वासांची म्हणूनच गाजली, आणि आमिषाची निवड माणसाच्या नाकाडोळ्यांनी करायची सवय आजही गेलेली नाही. अमेरिकेतल्या मासेमारीच्या कुठल्याही मोठ्या दुकानात गेलं की एक अख्खी भिंत प्लॅस्टिकच्या गांडुळांनी भरलेली दिसते. कलिंगडाच्या सालीचा हिरवा, भोपळ्याचा तपकिरी, जांभळा, काळा, त्यात लाल, निळी, सोनेरी चमकी. नवखा माणूस त्या भिंतीसमोर उभा राहून पहिला प्रश्न विचारतो तो रंगाचा. खरं तर रंगाचा प्रश्न सगळ्यात शेवटी यायला हवा. त्याच्या आधी विचारायचं ते हे की मासा कुठे बसलाय, आणि हे गांडूळ त्याच्यापर्यंत पोचताना पाण्यात कसं पडेल.

हा मासा म्हणजे लार्जमाउथ बास, मोठ्या तोंडाचा बास. मूळचा उत्तर अमेरिकेतल्या गोड्या पाण्यातला, सनफिश कुळातला. अलिबागकडच्या जिताड्याला इंग्रजीत एशियन सीबास म्हणतात, म्हणून दोघे भाऊ असतील असं वाटतं, पण त्यांची कुळं वेगळी आहेत. हा बास लांब पाठलाग करणारा शिकारी नाही. पाण्यातलं पडलेलं झाड, धक्क्याचा खांब, पाणवनस्पतींची कड, खडकाची कपार अशी आडोशाची जागा धरून तो दबा धरतो. भक्ष्य टप्प्यात आलं की क्षणार्धात तोंड आणि कल्ले असे फाकवतो की समोरच्या पाण्यासकट भक्ष्य आत ओढलं जातं. तो चावा घेत नाही, शोषून घेतो. जे आत आलं ते खाण्याजोगं वाटलं नाही तर तितक्याच झपाट्याने बाहेर थुंकतो.

मऊपणाचं मोल इथे कळतं. लाकडाचं किंवा कडक प्लॅस्टिकचं आमिष तोंडात आलं की बासला लगेच शंका येते. मऊ गांडूळ दाबलं जातं, वाकतं, जिवंत मांसासारखं लागतं, आणि मासा ते आणखी काही क्षण तोंडात धरून ठेवतो. गळ टोचण्यासाठी माणसाच्या हाताला मिळणारा वेळ तेवढाच.

एक गैरसमज मात्र आधीच बाजूला ठेवायला हवा. बास काही गांडुळांवर जगत नाही. तो लहान मासे खातो, झिंग्यांच्या जातीतले क्रेफिश खातो, बेडूक खातो, कधी बदकाचं पिल्लूही गिळतो. जमिनीतलं गांडूळ त्याच्या वाट्याला आलं तर पावसाच्या लोंढ्याबरोबर वाहून आलेलं, क्वचित. मग सात इंचाचं जांभळं प्लॅस्टिक त्याला काय वाटत असेल? जळू, लहानसा वाम, एखादी अळी, की नुसतंच काहीतरी जिवंत आणि दुबळं? बहुधा हे शेवटचंच. अगदी हुबेहूब दिसणारी गांडुळं मागे पडली आणि कशासारखीच न दिसणारी पुढे गेली, हा या आमिषाचा सगळा इतिहास त्याच बाजूने साक्ष देतो.

इतिहास सुरू होतो तो मात्र हुबेहूब नकलेपासूनच. ओहायोतलं अ‍ॅक्रन हे टायरच्या कारखान्यांचं शहर. तिथला निक क्रीम हा यंत्रकारागीर आणि त्याची बायको कॉस्मा यांनी १९४९ मध्ये घरच्या स्वयंपाकघरात, शेगडीवर प्लॅस्टिक वितळवून, खऱ्या गांडुळावरून केलेल्या साच्यात पहिली मऊ गांडुळं ओतली. रबराची गांडुळं त्याआधीही मिळायची, पण ती ताठ असत. क्रीम दांपत्याचं गांडूळ पाण्यात लवलवायचं. ते टपालाने विकलं जाऊ लागलं, आणि सुरुवातीला ते मणी, छोटा पंखा आणि एकापाठोपाठ एक बांधलेले उघडे गळ अशा सरंजामासकट यायचं.

त्याच सुमारास दक्षिणेकडे धरणं बांधली जात होती. टेक्सासमधलं सॅम रेबर्न, टेक्सास आणि लुइझियानाच्या सीमेवरचं टोलेडो बेंड ही प्रचंड जलाशयं १९६० च्या दशकात भरली, आणि भरताना त्यांनी उभी जंगलं पोटात घेतली. बासला असा आडोसा स्वप्नातही मिळाला नसता. मासेमारासाठी मात्र तो उघड्या गळांचा कर्दनकाळ होता, कारण प्रत्येक फेक एखाद्या बुडालेल्या फांदीत अडकायची. क्रीमने आपला धंदा १९६० च्या सुमारासच टेक्सासमधल्या टायलरला हलवला होता. आणि याच भागातल्या मासेमारांनी गळाचं टोक गांडुळाच्या अंगातच लपवायची युक्ती काढली. तिला आज जगभर ‘टेक्सास रिग’ म्हणतात. गांडूळ प्रसिद्ध झालं ते त्याच्या रूपामुळे जितकं, त्याहून जास्त या बांधणीमुळे.

ही बांधणी हाताने करून पाहिली की तिच्यातली हुशारी कळते. आधी दोरीत बंदुकीच्या गोळीच्या आकाराचं वजन ओवायचं, टोकदार बाजू रॉडकडे. मग मानेशी वाकवलेला गळ बांधायचा. गळाचं टोक गांडुळाच्या डोक्यात बरोबर मधोमध साधारण अर्धा सेंटिमीटर खुपसून बाजूने बाहेर काढायचं. गळ त्या भोकातून पुढे ओढत न्यायचा, डोळ्याजवळची वाकण डोक्यात रुतेपर्यंत. आता गळ अर्ध्या वळशाने फिरवायचा, गांडूळ सरळ लोंबू द्यायचं आणि गळाचा तळचा बाक अंगाला नेमका कुठे लागतो ते नखाने खुणवायचं. त्या खुणेतून टोक आरपार काढायचं, आणि मग त्वचेचा एक पापुद्रा टोकावर ओढून ते झाकायचं. एवढं झाल्यावर गांडूळ गळावर तारेसारखं सरळ राहिलं पाहिजे. ते एका बाजूला जरी फुगलं किंवा आखडलं, तर ओढताना गरगर फिरतं, दोरीला पीळ पडतो आणि मासा त्याच्याकडे ढुंकूनही बघत नाही. नवख्यांना मासे लागत नाहीत यामागे चुकीच्या रंगापेक्षा वाकडं ओवलेलं गांडूळ जास्त वेळा असतं.

गांडुळाची लांबी आणि गळाचा आकार यांची जोडी ठरलेली आहे. सहा-सात इंचांच्या गांडुळाला साधारण ३/० क्रमांकाचा गळ, दहा इंचीला ५/०.

पण पडण्याचा वेग ठरवतं ते पुढचं वजन, आणि निवडीतला सगळ्यात मोठा निर्णय हाच. साडेतीन ग्रॅमचं वजन लावलं तर गांडूळ सावकाश, थोडं तरंगत उतरतं. सात ग्रॅम ही सर्वसाधारण निवड. खोल पाणी, वारा किंवा दाट वनस्पती असली की दहा, चौदा ग्रॅम लागतात. फ्लोरिडातल्या तलावांवर हायड्रिला या वनस्पतीचे जाड गालिचे पसरतात. ते फोडून खाली जायचं तर अठ्ठावीस ग्रॅम किंवा त्याहूनही जड वजन वापरतात. तिथे गांडूळ झपकन खाली येतं आणि सावलीत बसलेला बास विचार करायच्या आत त्यावर झडप घालतो. उलट उथळ, नितळ पाण्यात तेच वजन धप्पकन पडून मासा पळवून लावेल. बरेच अनुभवी मासेमार याबाबत एक साधा नियम पाळतात. तळ हाताला जाणवेल इतपत वजन ठेवायचं, त्याहून एक ग्रॅमही जास्त नाही. हा नियम कुठल्याही रंगतक्त्यापेक्षा जास्त उपयोगी आहे.

वजनाशिवायही गांडूळ स्वतःच्या अंगभाराने बुडवता येतं. त्यासाठी ते बनतं कसं हे बघायला हवं. पीव्हीसीची बारीक भुकटी एका तेलकट द्रवात मिसळली की पांढरा, पातळ द्रव तयार होतो. त्याला प्लॅस्टिसॉल म्हणतात. तो साधारण १७५ ते १८० अंश सेल्सियसपर्यंत तापवला की भुकटीचे कण त्या तेलात फुगून एकजीव होतात आणि द्रव पारदर्शक, दाट होतो. साच्यात ओतून थंड केला की खरवसासारखा लुसलुशीत घट्ट बसतो. तेलाचं प्रमाण वाढवलं तर गांडूळ जास्त मऊ होतं, पाण्यात जास्त जिवंत वाटतं आणि दोन मासे लागले की फाटतं. कमी केलं तर टिकतं, पण ताठ होतं. म्हणजे पाकिटातलं गांडूळ बोटांत धरून वाकवून बघणं ही निवडीची खरी पहिली परीक्षा. टिकाऊपणाकडे बघून ताठ गांडूळ घेणारा पैसे वाचवतो आणि मासे गमावतो.

या मिश्रणात मीठ घालायची पद्धतही आली. सांगितलं असं जातं की खारट चवीमुळे बास गांडूळ जास्त वेळ तोंडात धरतो. चवीबद्दल जाणकारांत एकमत नाही. मिठाने गांडूळ जड होतं आणि लवकर बुडतं याबद्दल मात्र वाद नाही.

मिठाच्या याच वजनावर आधुनिक काळातलं सर्वांत प्रसिद्ध गांडूळ उभं राहिलं. अ‍ॅरिझोनातल्या पेज या गावी, लेक पॉवेल जलाशयाच्या काठावर, गॅरी यामामोटोने आमिषांचा कारखाना उभारला. १९९० च्या दशकात त्याने ‘सेंको’ आणलं. पाच इंचांची जाडसर कांडी, ना शेपटी, ना पाय, ना डोळे. तिचा आकार बॉलपेनवरून सुचल्याची गोष्ट मासेमारांत सर्रास सांगितली जाते. हातात घेतल्यावर हे आमिष आहे यावर विश्वास बसत नाही. पाण्यात, कुठलंही वजन न लावता सोडलं की खुबी कळते. मिठामुळे ते वजनाशिवाय बुडतं, आडवं बुडतं, आणि बुडताना दोन्ही टोकं बारीक थरथरतात. माणसाने काही करायचंच नसतं. फेकायचं, दोरी सैल सोडायची आणि थांबायचं. उडी मारून पळणाऱ्या भक्ष्यामागे न धावणारा आळशी बासही आपल्या नाकासमोरून सावकाश खाली जाणारी, थरथरती कांडी सोडत नाही.

ही कांडी बरोबर मध्यावर गळात अडकवून दोन्ही बाजूंनी लोंबतीही सोडतात. या बांधणीला ‘वॅकी’ म्हणतात. पडताना दोन्ही टोकं वरखाली झुलतात. दिसायला अगदी विचित्र, पण धक्क्यांच्या सावलीत आणि वसंतात घरटी राखणाऱ्या बासवर हिचा प्रभाव जबरदस्त असतो. मधला गळ गांडूळ लवकर कापतो, म्हणून मध्यावर एक छोटी रबरी कडी चढवून गळ तिच्यात अडकवतात. एक पाकीट मग दुप्पट दिवस पुरतं.

सेंकोला शेपटी नाही. बाकी बहुतेक गांडुळांचा स्वभाव मात्र शेपटीवर ठरतो, आणि इथे पाण्याचं तापमान मध्ये येतं. बास शीत रक्ताचा. पाणी दहा अंशांच्या खाली गेलं की त्याचं पचन मंदावतं, हालचाल मंदावते, आणि जोरात फडफडणारी वस्तू त्याला नकोशी होते. तेव्हा चार-पाच इंचांचं बारीक, सरळ शेपटीचं गांडूळ तळाशी जवळजवळ स्थिर ठेवणं हाच उपाय. पाणी तापलं, बास भुकेला झाला की फितीसारखी लांब, नागमोडी शेपटी कामाला येते. ती प्रत्येक हालचालीबरोबर पाणी ढवळते. माशाच्या अंगावर दोन्ही बाजूंनी एक संवेदनशील रेघ असते, पार्श्वरेषा. पाण्यातली सूक्ष्म थरथर तिच्यातून त्याला कळते. गढूळ पाण्यात डोळे उपयोगी पडत नाहीत तेव्हा बास या रेषेच्या भरवशावर शिकार हेरतो. टेनेसी नदीवरच्या जलाशयांत, भर उन्हाळ्यात, नदीच्या जुन्या पात्राच्या कडेवर बासचे कळप खोल बसतात, तेव्हा मासेमार बिनदिक्कत दहा इंची गांडुळं टाकतात. त्यात लोभ नाही. खोल, अंधूक पाण्यात लांबूनही जाणवेल असं काहीतरी लागतं, म्हणून.

सरळ शेपटीचा विजय मात्र १९८५ मध्ये सगळ्या देशाने पाहिला. बासमारीची सर्वात मानाची स्पर्धा म्हणजे बासमास्टर क्लासिक. त्या वर्षी ती आर्कान्सा नदीवर झाली आणि जॅक चॅन्सेलरने ती ‘डू-नथिंग’ नावाच्या, खरोखरच काही न करणाऱ्या, लहान, सरळ गांडुळाने जिंकली. त्याने कॅरोलिना पद्धतीची बांधणी वापरली होती. यात जड वजन पुढे राहतं, त्यामागे काही फूट मोकळी दोरी आणि तिच्या टोकाला गांडूळ. वजन तळावरून खरडत जातं, गाळ उडवतं, आणि मागून गांडूळ निवांत तरंगत येतं. मोठ्या उघड्या तळावर मासे शोधायचे असतील तर आजही याहून चांगला मार्ग नाही.

‘ड्रॉप शॉट’ ही बांधणी याच्या बरोबर उलटी. वजन दोरीच्या अगदी टोकाला, आणि गळ त्याच्या वर वीतभर. त्यामुळे बारीक गांडूळ तळापासून थोडं वर, एकाच जागी हेलकावत राहतं. जपानमध्ये घडलेली ही रीत १९९० च्या दशकात कॅलिफोर्नियातल्या नितळ, खोल जलाशयांवर आली, कारण तिथे मासे बोटीच्या अगदी खाली, खूप खोलवर असतात आणि फार सावध असतात. तिच्याबरोबर रोबोवर्म या कंपनीची बारीक, अर्धपारदर्शक गांडुळं गाजली.

कॅन्ससच्या नेड केडीच्या नावाने ओळखली जाणारी ‘नेड रिग’ आणखी साधी आहे. छत्रीसारखं डोकं असलेला छोटा गळ आणि त्यावर अडीच-तीन इंचांचा प्लॅस्टिकचा तुकडा. पण प्लॅस्टिक वेगळं. पीव्हीसी नव्हे, तर ताणलं जाणारं, पाण्यावर तरंगणारं इलॅस्टोमर. त्यामुळे वजन तळाला टेकतं आणि तुकडा उभा राहून डोलतो. हे प्लॅस्टिक कितीही ओढलं तरी सहसा तुटत नाही. फक्त ते पीव्हीसीच्या गांडुळांबरोबर एकाच कप्प्यात ठेवायचं नाही. दोन्ही एकमेकांत विरघळून पेटीत चिकट गोळा होतो, आणि हे शिकायला पेटी बिघडायची वाट बघायची गरज नाही.

आता रंग. २०१९ मध्ये इलिनॉय विद्यापीठाच्या संशोधकांनी लार्जमाउथ बासच्या डोळ्यांचा अभ्यास केला आणि माशांना ठराविक रंगाकडे गेल्यास खाऊ मिळेल असं शिकवून त्यांची परीक्षाही घेतली. बासच्या डोळ्यांत रंग ओळखणाऱ्या शंकुपेशी दोनच प्रकारच्या निघाल्या, एक हिरव्याला संवेदनशील, दुसरी लालला. लाल आणि हिरवा त्यांनी इतर रंगांतून चांगला ओळखला. पिवळट पोपटी आणि पांढरा यांत मात्र त्यांचा गोंधळ झाला. निळा आणि काळा यांतही झाला.

हे वाचून गंमत वाटते, कारण गढूळ पाण्यासाठी पिढ्यान्‌पिढ्या सांगितलं जाणारं आमिष म्हणजे काळ्या अंगाचं आणि निळ्या चमकीचं. माशाला त्यातलं निळं निळं म्हणून दिसतच नसेल, तर ते गांडूळ चालतं कशामुळे? वरून येणाऱ्या अंधूक उजेडापुढे काळी आकृती ठसठशीत उठून दिसते म्हणून. रात्री मासेमारी करणारेही याच कारणाने काळं वापरतात. नितळ पाण्यात हिशोब उलटा होतो. तिथे ठसठशीतपणा माशाला सावध करतो, म्हणून कलिंगडी हिरवा, भोपळी हिरवा, धुरकट पारदर्शक अशा, तळाशी मिसळून जाणाऱ्या छटा चालतात. एवढी दोन टोकं सांभाळली की रंगाचं बहुतेक काम झालं. काळ्या-निळ्याचं एक पाकीट आणि भोपळी हिरव्याचं एक, एवढ्यावर नवख्याने पहिलं वर्ष काढावं. उरलेले पैसे वेगवेगळ्या वजनांवर घालवावेत.

वासाचंही तसंच. १९८८ मध्ये बर्कली कंपनीने ‘पॉवरबेट’ आणलं ते माशांच्या चवीवर प्रयोगशाळेत काम करून, आणि त्याचा उपयोगही आहे, कारण चव बरी लागली तर मासा गांडूळ थुंकायला वेळ लावतो. पण वास लांबून माशाला ओढून आणील अशी आशा करू नये. बास आधी पाहतो किंवा थरथर जाणतो, मग शोषतो. चवीची पाळी त्यानंतर येते.

आणि तो शोषतो तेव्हा हाताला काय कळतं? पुष्कळदा काहीच नाही. कधी दोरीतून एक बारीक ‘टक्’ येतो. कधी नुसतं वजन नाहीसं होतं, कारण मासा गांडूळ घेऊन बोटीकडेच यायला लागलेला असतो. कधी पाण्यावर पडलेली सैल दोरी कुणी न ओढता बाजूला सरकू लागते. पाण्यातून वर येताना गांडूळ झाडाच्या फांदीवर चढतं, उतरतं, तेव्हाचा जडपणा आणि माशाचा जडपणा यांत फरक असतो. फांदी ताठ असते, मासा किंचित लवतो. टंगस्टनची वजनं महाग असूनही लोक घेतात ती याच जाणिवेसाठी. टंगस्टनची घनता शिशाच्या जवळजवळ पावणेदोनपट. म्हणजे तेवढ्याच वजनाची गोळी बरीच लहान होते, आणि ती शिशापेक्षा कितीतरी टणक असल्याने तळाचा प्रत्येक खडा दोरीतून हातापर्यंत पोचवते.

शिसं टाळण्याचं दुसरं कारण अधिक गंभीर आहे. ईशान्य अमेरिकेतल्या तलावांवर लून नावाचा पाणपक्षी राहतो. अन्न दळण्यासाठी तळाचे खडे गिळताना तो शिशाची छोटी वजनंही गिळतो, आणि एकच वजन त्याला विषबाधेने मारायला पुरतं. न्यू हॅम्पशायर, मेन, व्हरमाँट अशा राज्यांनी लहान शिशाच्या वजनांवर बंदी घातली आहे ती यामुळेच.

महाराष्ट्रातल्या पाण्यांत बास नाही, आणि तो नसणंच चांगलं. जपानने १९२५ मध्ये आशी सरोवरात हा मासा मुद्दाम आणून सोडला. पुढे तो देशभर पसरला आणि स्थानिक मासे फस्त करू लागला. शेवटी २००५ पासून आक्रमक परदेशी प्रजातींच्या कायद्यात त्याचं नाव घालावं लागलं. आपल्याकडे या कलेची हौस भागवायला मरळ आहे. तीही वनस्पतींच्या दाटीत दबा धरते, आणि भारतातले हौशी मासेमार तिच्यासाठी जो पोकळ, मऊ बेडूक वापरतात त्याचे गळही पाठीशी चिकटून लपलेले असतात. टेक्सासमधल्या बुडालेल्या जंगलांनी शिकवलेलीच ती गोष्ट. अमेरिकेत डॅलस-ह्यूस्टनकडे राहणाऱ्या मराठी कुटुंबांसाठी तर बास घराजवळच्या तळ्यातच असतो. तिथे १७ वर्षांपासून पुढे मासेमारीचा परवाना लागतो, पण टेक्सासच्या राज्य उद्यानांत काठावरून मासे धरायला परवाना लागत नाही. मुलांना पहिली फेक शिकवायला ती उद्यानं उत्तम.

पण तिथे फाटलेलं गांडूळ पाण्यात टाकायचं नाही, हेही मुलांना पहिल्याच दिवशी शिकवायला हवं. कॅनडातल्या ऑन्टॅरिओ प्रांतात चार्ल्सटन सरोवरावर संशोधकांनी पाण्यात पडलेली मऊ आमिषं आणि माशांची पोटं दोन्ही तपासली, तेव्हा काही माशांच्या पोटात प्लॅस्टिक सापडलं. मेन राज्यात २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात ब्रुक ट्राउट माशांसमोर अशी आमिषं ठेवली, तर त्यांनी ती आपणहून गिळली, आणि त्यांच्या वाढीवर परिणाम झाला. पीव्हीसी पाण्यात कुजत नाही, उलट फुगतं. २०१३ मध्ये मेनच्या विधिमंडळात या आमिषांवर बंदीचा प्रस्तावच आला. बंदी झाली नाही, प्रश्न अभ्यासाला गेला आणि लोकशिक्षणावर भर देण्याचं ठरलं. जपानमध्ये कावागुची सरोवराने तेवढी वाट पाहिली नाही. तिथे २००७ पासून मऊ प्लॅस्टिकची गांडुळं वापरायलाच बंदी आहे.

अमेरिकेतल्या बोटींवर आता वापरलेल्या गांडुळांसाठी वेगळी पिशवी ठेवायची पद्धत रुजते आहे. ती परत वितळवून नवी ओतता येतात, आणि घरी साचे ठेवणारे हौशी लोक ती आनंदाने घेतात. डोकं फाटलेल्या सेंकोचा फाटका अर्धा इंच कापून टाकला की तीच कांडी पुन्हा उलट्या टोकाने ओवता येते. तीही फाटली की उरलेला अडीच इंचांचा तुकडा नेड रिगच्या छत्रीवर चढतो. तो तळाला उभा डोलणार नाही, आडवा पडेल, पण थंड पाण्यातल्या सुस्त बासला तेवढंही चालतं.